शोकाच्या घरी : ख्रिस्ती परंपरेतील सांत्वनाचा विचार

मृत्यू झालेल्या घरी भेटायला जाणे हे आपल्या सामाजिक आयुष्यातील फार अवघड काम आहे. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून आपण ठरलेली वाक्ये बोलतो. ‘देवाची इच्छा’, ‘सुटले बिचारे’, ‘खंबीर राहा, मुलांकडे बघा’, ‘देवाला आवडतात त्यांना तो लवकर नेतो’. ख्रिस्ती घरांत याच वाक्यांची दुसरी रूपे ऐकू येतात : ‘प्रभूची योजना आपल्याला कळत नाही’, ‘ते आता प्रभूच्या घरी आहेत, मग रडायचं कशाला?’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही असे एखादे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात काट्यासारखे रुतते आणि पुढे वर्षानुवर्षे सलत राहते.

मृत्यूच्या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माजवळ एक तयार उत्तर आहे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, त्याच्यावर विश्वास ठेवणारेही उठतील. मग शोकाला जागाच कुठे उरते? अनेक ख्रिस्ती लोकांनाही तसेच वाटते आणि डोळ्यांतले पाणी हा आपल्या विश्वासातला उणेपणा आहे असे समजून ते मनातून खजील होतात. परंतु बायबलमधील शोकाचे प्रसंग आणि पुढील दोन हजार वर्षांचा अनुभव एकत्र पाहिला तर चित्र बरेच निराळे दिसते. या परंपरेत आशा आहे, पण तिने अश्रूंना मनाई केलेली नाही. उत्तर आहे, पण त्या उत्तराआधी सोबत येते. आणि जिथे सोबत न देता नुसते उत्तर दिले गेले, तिथे खुद्द बायबलनेच सांत्वन करणाऱ्याला दोषी ठरवले आहे.

कैवारी

प्रारंभ एका शब्दापासून करू. नव्या करारातील सांत्वनासाठीचा मुख्य ग्रीक शब्द ‘पाराक्लेसिस’. त्याचा मूळ अर्थ ‘जवळ बोलावणे’. याच धातूपासून ‘पाराक्लेतोस’ हा शब्द झाला : ज्याला आपल्या बाजूला उभे राहण्यासाठी बोलावले आहे तो. न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसालाही हा शब्द लावीत. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी तो वापरला आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याचा अर्थ कधी सांत्वन करणारा असा केला, कधी वकील, तर कधी साहाय्यक. मराठी बायबलच्या रूढ भाषांतरात मात्र त्यासाठी ‘कैवारी’ हा शब्द आला, आणि तो फार नेमका आहे. कैवारी म्हणजे आपली बाजू घेणारा. सांत्वन करणारा माणूस प्रथम शोक करणाऱ्याची बाजू घेतो. तो देवाची वकिली करायला आलेला नसतो.

हे वरवर साधे वाटते. पण शोकाच्या घरी आपण बहुतेक वेळा नेमके उलट करतो. मृत्यू का झाला, त्यात देवाचा काय हेतू असावा, आता पुढे चांगले कसे होईल, याची मांडणी करू लागतो; म्हणजे देवाचे वकीलपत्र घेतो. समोरच्या माणसाची बाजू कोणी घेतलेलीच नसते.

ईयोबाचे तीन मित्र

या चुकीवर बायबलमध्ये एक अख्खा ग्रंथ आहे. ईयोबाची गुरेढोरे गेली, नोकरचाकर मारले गेले, सात मुलगे आणि तीन मुली एका घराखाली चिरडून मेल्या, नंतर त्याच्या अंगभर गळवे उठली. हे ऐकून अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र आपापल्या गावांहून निघाले. दुरून त्यांना तो ओळखूसुद्धा आला नाही. ते मोठ्याने रडले, त्यांनी अंगावरची वस्त्रे फाडली, डोक्यावर धूळ उधळली आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलले नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते.

मित्र म्हणून त्यांची ही सर्वांत चांगली कामगिरी. ज्यू समाजात जवळच्या आप्ताच्या मृत्यूनंतर सात दिवस घरी बसण्याची रीत आहे; तिचे नाव ‘शिव्हा’, म्हणजे हिब्रूत सात. समाचाराला येणाऱ्याने आपण होऊन बोलू नये, शोक करणारा बोलेपर्यंत थांबावे, हा तिथला संकेत ईयोबाच्या मित्रांच्या या मौनाशी जोडला जातो.

आठव्या दिवशी ईयोबाने तोंड उघडले आणि आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. आता मित्रांना राहवेना. अलीफज म्हणाला, निरपराध मनुष्य कधी नाश पावला आहे का, आठवून पाहा. बिल्दद त्याच्याही पुढे गेला : तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचे फळ दिले. दहा मुले गेलेल्या बापाला हे ऐकावे लागले. सोफरने तर सांगितले की तुझ्या अपराधाच्या मानाने देवाने तुला कमीच शिक्षा केली आहे. या तिघांच्या बोलण्यात पाखंड कुठेच नाही. देव न्यायी आहे, तो पापाला शासन करतो, पश्चात्ताप करणाऱ्यावर दया करतो, ही सगळी शास्त्रातलीच वाक्ये. सिद्धान्त जपण्याच्या भरात त्यांनी मित्राला आरोपी केले. शेवटी ईयोब त्यांना म्हणतो की तुम्ही सारे त्रासदायक सांत्वनकर्ते आहात.

ग्रंथाच्या अखेरीस देव स्वतः बोलतो. ईयोबाने देवाला उद्देशून इतके कडू शब्द काढलेले असतात, तरी देवाचा राग होतो तो मित्रांवर. ते आपल्याविषयी योग्य बोलले नाहीत, ईयोब बोलला, असा त्याचा निवाडा. ज्याला ते उपदेश करीत होते त्यानेच त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, तेव्हा त्यांना क्षमा मिळेल, असेही तो सांगतो. देवाची बाजू मांडणाऱ्यांना देवाने नाकारले, हा या ग्रंथाचा धक्का आहे. आणि ईयोबाच्या का या प्रश्नाला अखेरपर्यंत उत्तर मिळत नाही.

दुःख हे कुणाच्या तरी पापाचे फळ असलेच पाहिजे, हा तर्क येशूनेही खोडून काढला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक पापी होते असे नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या, असे शिष्यांनी विचारले. त्याने दोन्ही पर्याय नाकारले. आपल्याकडे हाच तर्क गतजन्मीच्या कर्माच्या भाषेत बोलला जातो. भाषा वेगळी असली तरी मूल गमावलेल्या आईच्या कानावर तो सारखाच आदळतो.

बेथानीच्या दोन बहिणी

येशू स्वतः शोकाच्या घरी कसा गेला? योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात हा प्रसंग सविस्तर आहे. बेथानी गावात मार्था, मरीया आणि त्यांचा भाऊ लाजर राहत. लाजर आजारी पडला, येशूला निरोप गेला, पण तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर येऊन त्याला भेटली आणि म्हणाली की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया आली, त्याच्या पाया पडली आणि तिनेही तेच म्हटले. दोघी बहिणींचे वाक्य जवळजवळ शब्दशः एकच आहे.

येशूचा प्रतिसाद मात्र दोघींसाठी एक नाही. मार्थाशी तो बोलतो. पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे हे ख्रिस्ती धर्माचे मध्यवर्ती विधान तो तिच्यापाशी करतो आणि तिचा विश्वास आहे का ते विचारतो. मार्थाला बोलायचे होते, प्रश्न विचारायचे होते. मरीयेला तो यातले काहीच सांगत नाही. तिला आणि तिच्याबरोबर आलेल्यांना रडताना पाहून तो आतून खवळतो, व्याकूळ होतो, त्याला कुठे ठेवले आहे एवढेच विचारतो, आणि रडतो. येथे वापरलेल्या ग्रीक क्रियापदात कळवळ्याबरोबर संतापाचीही छटा आहे. मृत्यूकडे तो शांतपणे पाहत नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे योहानाच्या कथनाप्रमाणे येशूला ठाऊक होते. तरीही तो रडला. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे आजचे दुःख खोटे ठरत नाही, हे या अश्रूंनी कायमचे सांगून ठेवले. आणि एकाच घरात, एकाच मृत्यूनंतर, एकाच वाक्यावर दोन माणसांना दोन वेगळी सांत्वने लागू शकतात, हेही.

आशा आणि अश्रू

पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५०च्या सुमाराचे, नव्या करारातील बहुधा सर्वांत जुना लेख. ख्रिस्त लवकरच परत येईल या अपेक्षेत असलेल्या त्या मंडळीतील काही जण मरण पावले आणि मागे राहिलेले घाबरले : आता यांचे काय होणार? पौलाने त्यांना धीर दिला, आणि ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद तुम्ही करू नये असे लिहिले. पुढे कित्येकांनी या वाक्याचा शेवटचा भाग तेवढा धरला आणि ख्रिस्ती माणसाने शोकच करू नये असा नियम काढला.

चौथ्या-पाचव्या शतकातील धर्माचार्य ऑगस्टीन याने एका प्रवचनात ही गफलत दाखवून दिली. पौल दुःखी होऊ नका असे म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखे दुःखी होऊ नका, असे म्हणतो. ऑगस्टीनला हे कळले ते स्वतःच्या अनुभवातून. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली, तेव्हा तो वयाच्या तेहतिसाव्या वर्षात होता. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथेच्या नवव्या भागात तो सांगतो की मुलगा अदेओदातुस रडू लागला, तेव्हा सर्वांनी त्याला गप्प केले. विश्वासात मेलेल्या आईसाठी आक्रोश करणे शोभणार नाही असे वाटून स्वतः ऑगस्टीननेही दफन होईपर्यंत डोळे कोरडे ठेवले. मन हलके होईल म्हणून तो स्नानाला गेला. दुःख तसेच राहिले. झोपून उठल्यावर, एकांतात, त्याने अश्रूंना वाट करून दिली, आणि त्यातच त्याला विसावा मिळाला. आईसाठी घटकाभर रडलो याला कोणी पाप म्हणत असेल तर त्याने हसू नये, माझ्यासाठी रडावे, असे तो वाचकाला सांगतो.

मार्टिन ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना २० सप्टेंबर १५४२ रोजी बापाच्या मिठीत मरण पावली. विश्वासाने तारण होते हे युरोपभर सांगणाऱ्या या सुधारकाने काही दिवसांनी मित्राला कळवले की, आम्ही खरे तर कृतज्ञ असायला हवे, पण माया इतकी बळकट आहे की हुंदक्यांवाचून राहवत नाही. ख्रिस्ताच्या मृत्यूची आठवणही हे दुःख पुरते काढून टाकू शकत नाही. त्याच्या ईश्वरविषयक सिद्धान्तांत या पत्राने काही बदलले नाही. पण सिद्धान्त आणि बापाचे हृदय एकाच माणसात शेजारी शेजारी राहू शकतात, याची ही साक्ष आहे.

तक्रार करण्याची मुभा

शोकात राग येतो : डॉक्टरांवर, नातेवाइकांवर, गेलेल्या माणसावर, देवावर. श्रद्धाळू माणसाला देवावरच्या रागाची सर्वांत जास्त भीती वाटते. पण बायबलमध्ये त्या रागालाही प्रार्थनेचे स्थान आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती काळ, माझ्याकडे पाठ का फिरवलीस, हे त्यांतले प्रश्न. बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे विश्वासाच्या सुराला येतात. ८८वे स्तोत्र येत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनापुस्तकात आहे.

‘विलापगीत’ हे पुस्तक यरुशलेमच्या विनाशावरचे. त्याच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचले आहेत. दुःखाला अ पासून ज्ञ पर्यंत शब्द द्यायचे, मधले एकही अक्षर गाळायचे नाही, असा तो बेत. पहिल्या अध्यायात उद्ध्वस्त नगरीची तक्रार पुन्हापुन्हा येते ती ही की तिचे सांत्वन करणारा कोणी नाही. घर पडले हे एक दुःख, आणि जवळ कोणी नाही हे त्यावरचे दुसरे. पहिले दुःख दूर करणे बहुधा आपल्या हाती नसते, दुसरे असते.

भाकर, खांदा, माती

सांत्वन ही भावना कमी आणि काम जास्त, असे ख्रिस्ती परंपरेने मानले. मध्ययुगात दयेची सात शारीरिक आणि सात आत्मिक कृत्ये सांगितली गेली. मृतांना मूठमाती देणे हे शारीरिक कृत्यांत, दुःखितांचे सांत्वन करणे आत्मिक कृत्यांत. ही कर्तव्ये पार पाडण्यासाठी गृहस्थांच्या संघटना निघाल्या. फ्लॉरेन्समधील मिझेरिकॉर्दिया तेराव्या शतकातली. लिस्बनची १४९८ची, आणि तिच्या नमुन्यावर सोळाव्या शतकात गोव्यातही ती स्थापन झाली. बेवारस मृतांचे दफन, विधवा आणि अनाथ यांची व्यवस्था, ही त्यांची कामे.

अन्नाचा संबंध याहूनही जुना. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात शोक करणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या भाकरीचा आणि सांत्वनाच्या प्याल्याचा उल्लेख येतो. दफनानंतरचे पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणायचे ही ज्यू रीत अजून टिकून आहे. महाराष्ट्रात सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे लोक पिठले-भात घेऊन येतात आणि आप्तांना कडू घास भरवतात; या दोन रीतींना एकमेकींची ओळख करून द्यावी लागणार नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. गरम भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले, आणि नंतर दुसऱ्यांदा खाऊ घातले.

दफनाच्या उपासनेचा स्वरही काळाप्रमाणे बदलला. शतकानुशतके कॅथलिक अंत्यविधीत काळी वस्त्रे आणि अंतिम न्यायाच्या दिवसाचे भयंकर वर्णन करणारे ‘दिएस इरे’ हे लॅटिन गीत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ठरवले की अंत्यविधीतून पुनरुत्थानाचा आशय अधिक स्पष्ट व्हावा. १९६९ मध्ये नवा विधी आला. पांढऱ्या आणि जांभळ्या वस्त्रांना वाव मिळाला, ते गीत मिस्सातून गेले, आणि घर, चर्च, दफनभूमी हे तीन टप्पे स्पष्ट झाले. वसई, मुंबई, गोवा इथल्या कॅथलिक घरांत सातव्या दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा मिस्सा होतो. २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा स्मरणदिन. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने तो दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधिकाळी सुरू केला. दिवाळीच्याच आगेमागे येणाऱ्या या दिवशी कबरी धुऊन-पुसून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. या सगळ्यामागे एक व्यवहारी शहाणपण आहे : पहिल्या आठवड्यानंतर घर रिकामे होते, आणि शोक तेव्हा कुठे सुरू होतो. पंचांगाने माणसांना पुन्हा त्या घराकडे पाठवावे लागते.

दार बंद झाले तेव्हा

ही परंपरा नेहमीच स्वतःशी प्रामाणिक राहिली असे नाही. आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफन नाकारण्याचा नियम चर्चमध्ये दीर्घकाळ होता. १९१७च्या कॅथलिक धर्मविधी संहितेतही, जाणूनबुजून जीव देणाऱ्यांची गणना दफन नाकारायच्या यादीत केली होती. म्हणजे ज्या घराला शेजाऱ्यांची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच दारात धर्म येत नसे. दुःखावर लाजेचे ओझे चढे. १९८३च्या संहितेतून हा उल्लेख वगळला गेला. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मानसिक व्याधी, तीव्र भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते हे मान्य केले आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे म्हटले.

बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळांची कथा अशीच. त्यांना स्वर्ग नाही, नरकयातनाही नाहीत, ती ‘लिंबो’ नावाच्या सीमेवर राहतात, असे मत मध्ययुगापासून रूढ झाले. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र भूमीत जागा मिळत नसे. गावाबाहेर, शेताच्या बांधाला, बहुधा रात्री, बाप त्यांना पुरून येई. अशा जागांना तिथे ‘किलीन’ म्हणतात आणि त्या आजही ठिकठिकाणी दाखवल्या जातात. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने, या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारणे आहेत, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तोवर कित्येक आया त्या आशेविना मेल्या होत्या. सांत्वनाचा प्रश्न केवळ गोड बोलण्याचा नसतो. कधीकधी तो नियम बदलण्याचा असतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

विद्वान शोक करतो

विसाव्या शतकात ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांचे उदाहरण बोलके आहे. दयाळू देवाच्या जगात दुःख का, या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर देणारे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले आणि गाजले. १९६० मध्ये त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली. त्यानंतर वह्यांत लिहिलेली टिपणे १९६१ मध्ये ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ या नावाने, एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्यांत तर्कपंडित दिसत नाही. देवाचे दार आतून कडी लावल्यासारखे बंद वाटणारा नवरा दिसतो. श्रद्धा सुटली नाही, पण धर्माच्या सांत्वनाविषयी कुणी सहजपणे बोलू लागले की त्याला काही कळलेले नाही असे त्यांना वाटू लागले.

अमेरिकन तत्त्वज्ञ निकोलस वोल्टरस्टॉर्फ यांचा २५ वर्षांचा मुलगा १९८३ मध्ये ऑस्ट्रियात गिर्यारोहण करताना मरण पावला. १९८७ मधल्या ‘लमेंट फॉर अ सन’ या छोट्या पुस्तकात ते येणाऱ्यांना विनवतात की हे तितकेसे वाईट नाही असे मला सांगू नका, कारण ते वाईटच आहे. दुरून बोलू नका, माझ्या शोकाच्या बाकावर येऊन बसा.

हीच गोष्ट सिसिली साँडर्स यांनी इस्पितळात आणली. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हा त्यांचा विचार आज जगभर मान्य आहे. त्यांचे प्रेरणास्थान होते गेथशेमाने बाग. अटकेच्या रात्री येशूने शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले होते, आणि ते झोपी गेले. साँडर्स म्हणत, या मागणीत समजून घ्या, समजावून सांगा असे काही नाही. फक्त तिथे असा, इतकेच आहे. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडले, ते भारतातील पहिले हॉस्पिस. सर्व धर्मांचे कर्करोगी तिथे येतात.

मराठी भूमीतील दोन विधवा

मराठी वाचकाला या परंपरेची दोन उदाहरणे घरचीच आहेत. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. पुढे भाऊ, आणि १८८२ मध्ये पती. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले, नंतर केडगावला मुक्ती सदन. तत्कालीन समाज विधवेला नशिबाचे स्पष्टीकरण देत होता. रमाबाईंनी तिला अक्षरे, हाताला काम आणि राहायला घर दिले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचेही निधन झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य तेव्हा अपुरेच होते. फारसे शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे अध्याय लिहायला घेतले, आणि त्यातले बहुतांश काव्य त्यांच्याच हातचे आहे. ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी आणि मोकळेपणासाठी वाचतो. पण गेलेल्या नवऱ्याच्या विक्षिप्तपणासकट, त्याच्या रागालोभासकट त्याला कागदावर जिवंत ठेवणे, हेही शोकाचेच एक रूप आहे. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा संत केला नाही, म्हणून ते आपल्याला आजही भेटतात.

मग काय करावे

या साऱ्यातून हाती येते ते थोडे आणि साधे आहे. ख्रिस्ती नसलेल्यालाही त्यातले बहुतेक उपयोगी पडावे. जावे, उशीर झाला असला तरी जावे. येशूही चार दिवस उशिरा पोहोचला होता. कारण सांगू नये, विशेषतः देवाच्या नावाने. समोरचा माणूस मार्था आहे की मरीया, हे आधी पाहावे : त्याला बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर बसून राहावे. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणून निघून येऊ नये, कारण शोकात माणूस मागत नाही. डबा न्यावा, बँकेच्या कागदांच्या रांगेत उभे राहावे, मुलांना शाळेतून आणावे. गेलेल्याचे नाव घ्यावे. नाव काढले तर त्यांना आठवण होईल असे वाटून आपण गप्प राहतो. त्यांना विसर पडलेलाच नसतो. आशा असेल तर ती जवळ ठेवावी. विचारले तर सांगावी.

आणि तारीख लक्षात ठेवावी. यंदाही प्रत्येक गल्लीत एखादे घर असे असेल, जिथे वर्षाच्या आतली दिवाळी आहे, दारात रांगोळी नाही, आकाशकंदील माळ्यावरच आहे. फराळाचे ताट त्या घरी न्यायचे की नाही, या संकोचात पुष्कळ जण तिकडे फिरकतच नाहीत. ताट राहू द्यावे; आपण जावे.